खिळा न लावलेला दगड

इमामसाबला दगड ओळखता येतो, ही गोष्ट आख्ख्या वस्तीला माहीत होती, आणि ज्यांना माहीत नव्हती त्यांना तो स्वतःच सांगायचा. दगड हातात घेतला, उन्हात फिरवला, ओलं बोट लावलं की जात सांगून मोकळा. हा अकीक, अंगठीत बसवतात तो, ही साधी गारगोटी, हा नुसता विटेचा तुकडा, टाक तिकडं. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला असलं वेड लागावं याची लोकांना गंमत वाटायची. लोक म्हणायचे, चाळीस वर्षं मागांशी झटून म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला झाला असणार. तो म्हणायचा, झाला असंल बाबांनो, पण माझा दगड चुकला असंल तर दाखवा.

चाळीस वर्षं तो पॉवरलूमवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. टॉवेलच्या कारखान्यात एका वेळी चोवीस माग खटखटत असायचे, आणि त्यातला कुठला आजारी आहे हे तो दारात चप्पल काढता काढता नुसत्या आवाजावरून सांगायचा. कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले. जाताना मालकानं विचारलं, "इमामसाब, तुला काय पाहिजे?" यानं एक जुनी मोटर मागून घेतली.

ती मोटर अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसली. रंगाचा वीस लिटरचा डबा, आतून ट्रकच्या फाटक्या ट्यूबचं अस्तर, खाली फिरणारे दोन लोखंडी रूळ. झाला ड्रम. त्यात दगड, पाणी आणि घासायची जाडी कार्बोरंडम पावडर घालायची, झाकण घट्ट आवळायचं आणि आठ दिवस फिरत ठेवायचं. मग धुऊन मध्यम पावडर, मग बारीक, मग शेवटची पॉलिशची. महिन्याभरानं झाकण उघडलं की सीना नदीच्या पात्रातला मातकट दगड असा काही चमकत बाहेर यायचा की उचलणाऱ्याला हा आपणच उचलला होता हे खरं वाटू नये.

हे सगळं त्याला शिकवलं हरिदासनं. हरिदास मूळ मोडनिंबचा, एका कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं शिपाई होता. प्राध्यापक बदलले, पोरं बदलली, दगडांच्या पेट्या पुसणारा हरिदास तोच. पुसता पुसता शिकला, आणि प्राध्यापकांपेक्षा पक्कं शिकला. सकाळच्या फिरण्यात दोघांची ओळख झाली. तेव्हापासून रोज सकाळी इमामसाब फाटकातूनच "जयभीम हरिदासराव" म्हणायचा, हरिदास "सलाम इमामभाई" म्हणायचा, आणि दोघं खाली माना घालून चालायला लागायचे. समोरून माणूस आला तर दिसायचा नाही, पण वाळूतला हरभऱ्याएवढा अकीक दिसायचा.

हरिदासचा एकच कायदा होता. "खिळा लावल्याबिगर ड्रममधी काय टाकायचं न्हाय, इमामभाई." लोखंडी खिळ्याची टोकदार बाजू दगडावर दाबून ओढायची. ओरखडा उठला तर दगड मऊ, तो बाजूला. नाही उठला तर कठीण, तो ड्रममध्ये. मऊ दगड कठीण दगडांत पडला तर आठ दिवसांत त्याचं पीठ होतं. शेडच्या खांबाला सुतळीनं बांधलेला तीन इंची खिळा लोंबत असायचा, आणि त्याच्या शेजारी लांबोडकी वही. वहीत प्रत्येक दगडाची एक ओळ. कुठं सापडला, जात काय, खिळा लावला की नाही, चमक कशाची. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'ड्रमची' लिहिलेलं असायचं, क्वचित कुठं 'नदीची'.

इमामसाबच्या बायकोचं, अमिनाचं, यावर एकच म्हणणं होतं. "इतकं निरखून कदी मला बगितलं असतं तर."

घरात सगळे दखनी बोलायचे, पण अमिना केम गावची. लहानपण सगळं मराठी शेजारात गेलेलं, त्यामुळं नवऱ्याशी ती मराठीतच भांडायची. तिच्या हातापायांना साखरेच्या दुखण्यानं भेगा पडल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, हातापायांना पाणी लावायचं नाही. दुसरी बाई जेवणाखाण्याच्या काळजीत पडली असती. अमिनाला पडली नमाजची काळजी, कारण नमाजच्या आधी वजू करायचा, हातपायतोंड धुवायचं. मग मौलानांनी सांगितलं, पाणी चालत नसेल तर तयम्मुम करा. स्वच्छ मातीवर नाहीतर दगडावर दोन्ही तळवे मारायचे आणि ते तोंडावरून, कोपरापर्यंत हातांवरून फिरवायचे. झालं.

त्याच महिन्यात ती माहेरी गेली आणि घरामागच्या ओढ्यातून एक दगड उचलून घेऊन आली. ताटलीएवढा, काळा, खरबरीत. येताना एसटीत मांडीवर धरून आणला. खिडकीत जुन्या टॉवेलच्या घडीवर ठेवला, आणि तेव्हापासून नऊ वर्षं, दिवसातून पाच वेळा, त्या दगडावर हात मारून ती नमाजला बसली. पुढं पुढं खाली बसणं जमेना, मग खुर्चीवर. शेवटी पलंगावरच, उशीला टेकून.

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. इमामसाबच्या ड्रमला तर रोजचं पाणी. अमिना म्हणायची, "मी पान्याबिगर नमाज पडते, आनि वाचलेलं पानी तुमच्या दगडांना. वर गेल्यावर ह्याचं सवाब-पुन्य कुनाच्या नावावर पडतंय ते बगायचं हाय मला."

तो दगड मात्र वहीत नव्हता. सहा वर्षांपूर्वी, छंद नवा नवा असताना, इमामसाबनं घरातले यच्चयावत दगड तपासले होते, वरवंटासुद्धा सोडला नव्हता. खिडकीतल्याकडं त्यानं लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "हा साधा काळा दगड. आपली सगळी जमीनच असल्या दगडाची हाय. ह्याला वहीत जागा न्हाय."

अमिना म्हणाली, "नसू द्या. तुमच्या वहीत जाऊन त्याला काय करायचंय? गवाह हाय तो माजा."

तिच्या बापानं तिला लहानपणी सांगितलं होतं, माणूस ज्या मातीवर, ज्या दगडावर अल्लाहचं नाव घेतो ती माती, तो दगड कयामतच्या दिवशी उठून साक्ष देतो. हा बंदा इथं आला होता, मी बघितलंय. अमिनाचा त्यावर पूर्ण विश्वास होता. तिनं सुनेला, महेजबीनला, सांगूनही ठेवलं होतं, "माज्या कबरीवर नाव नको, फरशी नको. उशाला हा दगड तेवढा ठेवा. त्याला मी ठावं हाय."

*

त्या वर्षी उन्हाळ्यात, रमजानच्या आधीचा शाबानचा महिना लागला त्या आठवड्यात, अमिनाला अचानक दम लागला. मुलगा अझरुद्दीन ट्रक घेऊन लांब गेलेला. इमामसाबनं आणि महेजबीननं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना बाहेर बोलावलं. डॉक्टर चांगले होते, नजर चुकवून बोलले नाहीत. हृदय दमलंय म्हणाले. औषधं देऊ, पंधरा दिवस इथं ठेवू, पण घरच्यांनी मनाची तयारी ठेवा. दोन महिने, फार तर तीन.

महेजबीन पदर तोंडात धरून भिंतीला टेकली. इमामसाब आत गेला. अमिना म्हणाली, "अवो, येवडं काम करा. घरी जावा आनि खिडकीतला माजा दगड घिऊन या. घाईत ऱ्हायला. दोन दिस झाले, मी ह्या भिंतीवर हात मारतेय, कसला त्यो रंग, हाताला गुळगुळीत लागतोय."

"आणतो की," तो म्हणाला आणि निघाला.

दुपारची वेळ होती. घरात कोणी नाही. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि तिरकं दगडावर पडलं होतं. इमामसाबनं दगड उचलला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं जवळून बघितलं. दगड वरच्या अंगानं चमकत होता. खालून, कडेनं तसाच खरबरीत, पण वरती दोन तळव्यांएवढ्या जागेत काळीभोर, खोल, तेल प्यायल्यासारखी चमक. उन्हात फिरवला तर चमक त्याच्याबरोबर फिरली.

अरे, आपण चुकलो होतो! हा साधा काळा दगड नव्हेच. साध्या काळ्या दगडाला अशी चमक येत नाही, हे त्याला पाठ होतं. हा काळा जास्पर असणार, नाहीतर काळा अकीक, कठीण जातीचा. इतकी वर्षं घरात होता आणि आपण लांबूनच बाजूला सारला. जसा दगड तशी बायको, असं त्याच्या मनात आलं. सेहेचाळीस वर्षं संसार केला. या बाईला आपण काय दिलं? दोन खोल्या, मागांच्या धुरळ्यानं भरलेले कपडे धुवायला, आणि म्हातारपणी अंगणात घरघरणारा ड्रम. तिनं कधी काही मागितलं नाही. आता मागितला तर स्वतःचाच दगड.

शेडमध्ये अकीकांचा नवा घाणा तयार होता. धुतलेले, खिळा लावलेले, निवडक. दगड तेवढा ड्रममध्ये घालायचा, महिन्याभरात चारी अंगांनी आरशासारखा होईल, मग तिच्या हातात द्यायचा. डॉक्टर दोन महिने म्हणाले. म्हणजे तिला तो महिनाभर तरी वापरायला मिळेल. आणि नंतर उशाला असेल तेव्हा कबरस्तानात असा दगड कुणाच्याच कबरीवर नसेल. असा त्यानं हिशेब केला.

कायदा त्याच्या लक्षात होता. त्यानं खांबाचा खिळा हातात घेतला. दगडाच्या चमकत्या अंगावर टेकवला. आणि हात पुढं सरकेना. जास्पर असला तर ओरखडा उठणार नाही, पण समजा उठलाच तर? अमिनाच्या दगडावर खिळ्यानं रेघ मारायची? त्याचा जीव झाला नाही. कशाला पाहिजे खिळा, चमक दिसतेय की डोळ्यांनी, असं म्हणून त्यानं खिळा सोडून दिला. सुतळीवर तो बराच वेळ झोके खात राहिला.

दगड ड्रममध्ये गेला. झाकण आवळलं, मोटर चालू केली.

*

दवाखान्यात अमिनानं पहिला प्रश्न केला, "दगड?"

"साफ करायला ठेवलाय. धूळ लई बसली होती," इमामसाब म्हणाला आणि खिशातून आपला सगळ्यात देखणा अकीक काढून तिच्या उशाशी ठेवला. मधाच्या रंगाचा, आत पांढरी वर्तुळं. "तवर हा वापर."

अमिनानं त्याच्यावर तळवे मारून बघितले. "निसटतोय हो हा," ती म्हणाली. "आनि परका वाटतोय." तिनं अकीक परत त्याच्या हातात दिला आणि महेजबीनला बागेतून मूठभर माती आणायला लावली.

दुसऱ्या दिवशी विचारलं, दगड आणला का. तो म्हणाला, आणतो, आधी बरी हो. ती म्हणाली, बरी व्हायला दगडच लागतोय मला. तिसऱ्या दिवशी विचारलं. चौथ्या दिवशी तिनं विचारलं नाही, नुसतं त्याच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. इमामसाबला वाटत होतं, अजून थोडे दिवस, मग बघ कशी हसशील.

खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवसापासून ड्रमचा आवाज बदलला होता. अकीक फिरताना पावसाळ्यात पत्र्यावर गारा पडाव्यात तसा खडखड आवाज येतो. हा आवाज जड येत होता, चिखलातून बैलगाडी ओढल्यासारखा. चोवीस मागांतला आजारी माग दारातून ओळखणारा माणूस, त्याला हे कळलं नसेल? कळलं होतं. पट्टा सैल झाला असंल, असं स्वतःशीच म्हणून त्यानं पट्टा ताणला आणि दवाखान्याची वाट धरली. आपणच आपल्याला फसवायचं ठरवलं की कोण काय करणार!

सहाव्या दिवशी अमिना हट्टाला पेटली. मला इथं ठेवू नका. डॉक्टरांनीही फार अडवलं नाही. रिक्षातून उतरली ती महेजबीनच्या खांद्यावर हात टाकून सरळ खिडकीशी गेली. टॉवेलची घडी तिथंच होती. घडीवर दगडाच्या वजनानं पडलेला खळगा होता. दगड नव्हता.

अमिना पलंगावर बसली. अंगणातून घरघर ऐकू येत होती.

"ड्रममधी घातला व्हय?" ती म्हणाली.

इमामसाबनं मान हलवली, आणि मग एकदम भडाभडा सांगायला लागला. कसा तो जास्पर निघाला, कसा त्याला आरशासारखा करून देणार, तुझ्यासाठीच चाललंय, पहिल्या पावडरचे दोनच दिवस राहिलेत, मधे उघडला तर सगळा घाणा वाया जाईल.

"काढा," अमिना म्हणाली.

"अगं दोनच दिवस—"

"मला दोन दिसबी लई हायत," ती म्हणाली. डॉक्टर काय म्हणाले ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. इमामसाबनं महेजबीनकडं बघितलं, महेजबीननं खाली बघितलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. हरिदास आला होता, अमिनावहिनींना बघायला, हातात चार मोसंब्यांची पिशवी. अंगणातच थबकला. मोसंबी पायरीवर ठेवली आणि शेडकडं कान लावून उभा राहिला.

"इमामभाई, काय घातलंय ह्यात?"

इमामसाब बाहेर आला. त्यानं सांगितलं. काळा दगड, ताटलीएवढा, एका अंगानं चमकणारा, केमच्या ओढ्यातला.

"खिळा लावला हुता?"

इमामसाबनं खांबावरच्या खिळ्याकडं बघितलं.

"इमामभाई, खिळा लावला हुता का?"

"न्हाय. चमकत होता की, हरिदासराव. डोळ्यांनी बघितलं मी."

हरिदासनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग हळूच विचारलं, "वहिनी ह्याच दगडावर हात मारायच्या न्हवं? किती वर्षं?"

"नऊ."

"दिवसातनं पाचदा." हरिदास म्हणाला. "आवो, देवळातल्या उंबऱ्याचा दगड कसा चमकतो? कोन पॉलिश करतंय त्याला? येनाऱ्या-जानाऱ्यांचे पाय, टेकनारे हात. साधाच काळा दगड असतोय तो बी."

इमामसाबनं मोटर बंद केली. झाकणाचे नट त्याच्या बोटांना सापडेनात, हरिदासनं पाना घेऊन उघडले. आत काळा, दाट, फेसाळ चिखल. इमामसाबनं कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपून दगड बाहेर काढला. हरिदासनं वरून तांब्या ओतला.

दगड लहान झाला होता. कडा गोलसर झाल्या होत्या. आणि वरचं अंग राखाडी, आंधळं, चुना फासलेल्या भिंतीसारखं झालं होतं. चमकीचा एक ठिपकासुद्धा उरला नव्हता. जी चमक आणायला इमामसाबनं दगड ड्रममध्ये घातला होता, ती आधीच त्याच्यावर होती. अमिनाच्या तळव्यांनी आणली होती, नऊ वर्षं लावून. आणि ती त्यानं सहा दिवसांत पुसून टाकली होती.

तो शेडच्या ओल्या जमिनीवर बसला आणि रडला. हरिदास त्याच्याजवळ उकिडवा बसला. "माझी चूक झाली असं मला म्हनत बसू नका आता," तो म्हणाला, "जा, आत जाऊन त्यांना सांगा."

*

इमामसाबनं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. खिळा हातात घेतला होता आणि लावला नाही तेही सांगितलं, तिसऱ्या दिवशी आवाज ऐकला होता तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुझ्या गवाहाचं तोंडच पुसलं गं मी, अमिना."

अमिनानं दगडाकडं बघितलं. हात लावला नाही. कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. त्या दोन दिवसांत तिनं महेजबीनच्या हातून मातीच मागितली. दगड खिडकीत घडीवर होता, पण आता तो खळग्यात नीट बसत नव्हता. इमामसाब दारापाशी स्टुलावर बसून राहिला. चहा आला तर घेतला, नाही आला तर मागितला नाही. मोटरची वायर त्यानं काढून टाकली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची, मगरिबची अजान झाली. अमिना म्हणाली, "द्या हिकडं."

त्यानं दगड तिच्या मांडीवर ठेवला. तिनं बिस्मिल्ला म्हणून दोन्ही तळवे त्यावर मारले, आणि मारल्यावर लगेच उचलले नाहीत. बोटांनी चाचपत राहिली.

"खरबरीत लागतोय," ती म्हणाली. "पयल्या दिशी ओढ्यातनं काडला, तवा अस्साच लागला हुता. मी इसरलेच हुते." मग तिनं पहिल्यांदा नवऱ्याकडं नीट बघितलं. "म्हंजे आता परत नऊ वर्षं लागनार. नऊ वर्षं जगा म्हनताय व्हय मला?"

ती चेष्टा करत होती. डोळ्यांत ती पूर्वीची, भांडताना यायची तशी चमक होती. इमामसाबला हसायला यायला पाहिजे होतं.

"जग की," तो म्हणाला.

अमिनानं तळवे तोंडावरून फिरवले आणि बराच वेळ ते तिथंच ठेवले. महेजबीन भांडी उचलून मागच्या दारानं बाहेर गेली.

*

अमिना नऊ वर्षं जगली नाही. रमजान पुरा झाला, ईदची खीर तिनं दोन चमचे खाल्ली. शेवटच्या पंधरवड्यात तिचे हात उचलेनात. मौलाना म्हणाले, घरचं माणूस तयम्मुम करून देऊ शकतं. महेजबीन पुढं झाली होती, पण इमामसाब म्हणाला, मी करतो. पाच वेळा तो पलंगाच्या कडेला बसायचा, दगड जवळ घ्यायचा, तिचे तळवे आपल्या तळव्यांखाली धरून दगडावर मारायचा, आणि मग तिच्या तोंडावरून, हातांवरून फिरवायचा. तिच्या तळहातावर कुठं कुठं भेग आहे हे त्याला आता कळलं. इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. अमिना डोळे मिटून असायची. एकदा पुटपुटली, "आता बगताय व्हय निरखून."

एका सकाळी फजरच्या नमाजनंतर ती गेली.

दफन झालं. तेव्हा मातीच्या उंचवट्यावर नुसती हिरवी फांदी खोवली. दगड ठेवायला चौथ्या दिवशी जायचं ठरलं. अझरुद्दीन परत आला होता. तो म्हणाला, "अब्बा, एवढा आंधळा दगड कशाला? निदान परत पॉलिश करून..." महेजबीननं त्याच्या हाताला धरून गप्प केलं.

निघायच्या आधी इमामसाब शेडमध्ये गेला. हरिदास फाटकाशी उभा होता, "सलाम इमामभाई" म्हणाला आणि तिथंच थांबला. ड्रम रिकामा होता. खांबाला खिळा तसाच लोंबत होता. इमामसाबनं वही घेतली, धूळ झटकली, नवं पान काढलं. दगड मांडीवर घेतला आणि सावकाश, एकेक रकाना भरत, ओळ लिहिली.

हरिदास जवळ आला आणि खांद्यावरून वाचायला लागला. वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला आणि तो परत घातलाच नाही.

वहीत लिहिलं होतं:

कुठं सापडला: केमच्या ओढ्यात. अमिनाला सापडला.
जात: साधा काळा दगड.
खिळा: लावला नाही.
चमक: अमिनाच्या हातांची होती. मी घालवली.